हॅचरीतून आलेली पिल्ले पहिल्या आठवड्यात का दगावतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूर, राऊ, महू, सांवेर, देवास आणि घाटाखालचा निमाड या पट्ट्यात मराठी बोलणारे कुक्कुटपालक पुष्कळ आहेत. कोणाची हजार-दोन हजार पक्ष्यांची शेड आहे, तर कोणी घरामागच्या मोकळ्या जागेत पन्नास-शंभर पिल्ले सांभाळतो. दोघांचीही तक्रार बहुधा एकच असते, ती म्हणजे पिल्ले बाहेरगावच्या हॅचरीतून, म्हणजे अंडी उबवणी केंद्रातून, आली, उतरवताना ठीक दिसली आणि मग काही कारण न कळता मरत गेली. कारण कळले नाही असे ज्या मरतुकीबद्दल म्हटले जाते, त्यातील बरीचशी मुळात कोणी तपासलेलीच नसते, असे आमचे मत आहे. पिल्लू कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आणि शेडच्या कोणत्या भागात मेले, एवढ्या तीन गोष्टी लिहून ठेवल्या तरी शोध पुष्कळ सोपा होतो. पुढील उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

प्रश्न : पिल्ले आली तेव्हा चपळ होती. दोन दिवस काही झाले नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती एकाएकी मरू लागली. असे का होते?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पिल्लाच्या पोटात असते. अंडे फुटण्याच्या थोडे आधी, म्हणजे उबवणीच्या १९व्या-२०व्या दिवसाच्या सुमारास, पिल्लू उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढून घेते. हा बलक म्हणजे त्याची शिदोरी असते. तिच्यात चरबी आणि प्रथिने असतात, तसेच आईकडून आलेली रोगप्रतिकारक द्रव्येही असतात. घरट्यातली कोंबडी शेवटचे पिल्लू बाहेर येईपर्यंत अंड्यांवरून उठत नाही आणि आधी निघालेल्या पिल्लांना तोवर तग धरता यावा म्हणून ही सोय आहे. याच सोयीच्या जोरावर हॅचरीवाले पिल्ले दूरवर पाठवू शकतात. साधारण ७२ तासांपर्यंत पिल्लू अन्नावाचून जगते, असे सांगितले जाते ते यामुळेच.

मात्र हे ७२ तास कधीपासून मोजायचे, याचा विचार सहसा होत नाही. मशीनमध्ये एकत्र ठेवलेली अंडी एकाच वेळी फुटत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या पिल्लात २४ ते ३६ तासांचे अंतर पडू शकते आणि पिल्ले बाहेर काढली जातात ती बहुतेक सगळी निघाल्यावरच. त्यानंतर निवड, लस, पेट्या भरणे आणि गाडीची वाट पाहणे यात काही तास जातात, मग रात्रभराचा प्रवास होतो. त्यामुळे ‘एक दिवसाचे’ म्हणून आपल्या हाती आलेले पिल्लू प्रत्यक्षात दोन दिवसांचे असू शकते आणि तेवढ्या काळात त्याने पाण्याचा थेंबही घेतलेला नसतो. असे पिल्लू आपल्या शेडमध्ये पहिल्या काही तासांत पाणी आणि खाद्य शिकले नाही, तर उरलेल्या बलकावर ते आणखी थोडे चालते, हिंडते, ओरडते आणि पाहणाऱ्याला निरोगी वाटते. बलक संपला की तिसऱ्या ते पाचव्या दिवसात ते मरते. मरण चौथ्या दिवशी दिसले तरी त्याचे कारण पहिल्याच संध्याकाळी घडून गेलेले असते.

म्हणून पहिल्या संध्याकाळी शेडच्या वेगवेगळ्या भागांतून तीस-चाळीस पिल्ले हातात घेऊन त्यांच्या गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपावी. पिशवी भरलेली आणि मऊ लागली तर पिल्लाने खाद्य आणि पाणी दोन्ही घेतले आहे. ती कडक लागली तर खाद्य घेतले, पण पाणी मिळाले नाही. ती सपाट असेल तर त्याला काहीच मिळालेले नाही. पिल्ले सोडल्यापासून दोन तासांत सुमारे ७५ टक्के, आठ तासांत ८० टक्क्यांहून अधिक आणि २४ तासांत ९५ टक्क्यांहून अधिक पिल्लांची पिशवी भरलेली असावी, असे व्यावसायिक पालनात मानतात. हे प्रमाण कमी निघाले तर त्याच रात्री दुरुस्ती करता येते. चौथ्या दिवशी ती संधी राहत नाही.

प्रश्न : किती मरतुक साधारण समजावी?

चांगल्या व्यवस्थेत पहिल्या आठवड्याची मरतुक एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी राहते. मात्र ज्यांच्याकडे पन्नासच पिल्ले आहेत, त्यांनी टक्केवारीने घाबरून जाऊ नये, कारण दोन पिल्ले गेली की आकडा चार टक्क्यांवर जातो. लहान खेपेत मरतुक दिवसागणिक उतरते आहे की चढते आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी एक आणि मग शून्य, असा क्रम प्रवासाचा ताण दाखवतो. याच्या उलट एक, तीन, सात असा क्रम दिसला तर थांबू नये.

प्रश्न : पेटी उघडली तेव्हाच काही पिल्ले मेलेली होती. दोष वाहतुकीचा मानावा का?

बहुधा होय, परंतु कोणत्या प्रकारचा, हे पेट्यांच्या जागेवरून ठरते. शंभर पिल्लांच्या पेटीत सहसा पंचवीस-पंचवीसचे चार कप्पे असतात आणि पिल्लांच्या अंगच्या उष्णतेमुळे पेटीच्या आतील हवा गाडीतील हवेपेक्षा बरीच गरम असते. गाडीत साधारण २४ अंश सेल्सिअस असताना पेटीत ३२ अंशांच्या जवळपास तापमान राहते आणि पिल्लाला ते मानवते. वारा थांबला की हे गणित बिघडते.

पुणे-नाशिककडून येणारी गाडी आग्रा-मुंबई रस्त्याने धुळे, शिरपूर, सेंधवा आणि खलघाट करत इंदूरला पोहोचते. वाटेत बिजासन घाट लागतो आणि पुढे मानपूरजवळचे घाट लागतात. तेथे वाहतूक खोळंबली आणि गाडी तासभर उभी राहिली, तर थप्प्यांच्या मधल्या पेट्यांतील पिल्ले उष्णतेने गुदमरतात. मे महिन्याच्या दुपारी निमाडचे तापमान ४४ अंशांच्या घरात असते, तेव्हा याला तासभरही लागत नाही. अशा पिल्लांची पिसे ओलसर असतात, पंख पसरलेले आणि चोच उघडी असते, आणि जिवंत राहिलेली पिल्ले धापा टाकत असतात. उलट डिसेंबर-जानेवारीत घाट चढून पहाटे माळव्याच्या पठारावर आलेल्या गाडीत बाहेरच्या कडेच्या आणि वाऱ्याच्या तोंडावरच्या पेट्या गारठतात. त्या पेट्यांत पिल्ले एका कोपऱ्यात दाटून बसलेली आढळतात आणि खालची चेंगरून मेलेली असतात.

पेट्या उतरवताना प्रत्येकीवर तिची गाडीतील जागा पेनाने लिहून ठेवावी, म्हणजे पुढे हुज्जत घालावी लागत नाही. पाच-दहा पिल्ले उचलून त्यांचे पाय आपल्या गालाला किंवा मानेला लावून पाहावेत. पाय गार लागले तर पिल्लू गारठलेले आहे. गुदद्वाराशी मोजलेले पिल्लाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे आणि लहान मुलांसाठी वापरतात तो कानाचा तापमापक हलक्या हाताने तेथे टेकवून ते पाहता येते. पायाच्या नळीवरची शीर काळसर आणि उठून दिसत असेल व कातडी सुरकुतलेली असेल, तर पिल्लाच्या अंगातील पाणी कमी झालेले आहे. अशा पिल्लांना खाद्याआधी पाणी द्यावे.

प्राणी वाहतुकीच्या १९७८ च्या नियमांत २००१ साली झालेल्या दुरुस्तीत कोंबड्या व पिल्लांच्या वाहतुकीचे स्वतंत्र प्रकरण आहे. पिल्ले निघताच ती विनाविलंब रवाना करावीत, पेट्या सपाट ठेवाव्यात, त्यांना ऊन-पाऊस लागू देऊ नये आणि त्यांच्यावर दुसरा माल रचू नये, असे त्यात सांगितले आहे. मागणी नोंदवतानाच उन्हाळ्यात गाडीने निमाडचा पट्टा रात्री पार करावा आणि हिवाळ्यात ती ऊन आल्यावर इंदूरला पोहोचावी, अशी अट घालणे हा आपला हक्क आहे.

प्रश्न : दोष हॅचरीचाच आहे, हे कसे ओळखावे?

पिल्लू उलटे धरून बेंबी पाहावी. चांगल्या पिल्लाची बेंबी कोरडी, बंद आणि पिसांखाली झाकलेली असते. तेथे काळी खपली, ओलसरपणा, दोऱ्यासारखा लोंबणारा अवशेष किंवा लाली असेल, तर उबवणीत तापमान वा आर्द्रता बिघडली होती किंवा पिल्ले वेळेत बाहेर काढली गेली नाहीत. अशा उघड्या बेंबीतून जंतू थेट बलकात शिरतात. बलक हे जंतूंचे आवडते खाद्य असल्यामुळे पोट फुगते, त्याला दुर्गंधी येते आणि दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर पिल्ले मरत राहतात. बेंबी आणि बलकाचा हा दाह हॅचरीकडून येणाऱ्या मरतुकीचे सर्वांत मोठे कारण आहे. त्यात ई. कोलाय हा जंतू बहुतेकदा सापडतो. घोट्याचे सांधे लालबुंद दिसले तर पिल्लांना मशीनमध्ये अति उष्णता लागली असण्याचा संभव असतो.

दुसरी खूण वजनाची आहे. ताज्या पिल्लाचे वजन अंड्याच्या वजनाच्या सुमारे ६७ ते ६८ टक्के असते, म्हणजे ५८ ग्रॅमच्या अंड्यातून सुमारे ३९ ग्रॅमचे पिल्लू निघावे. एकाच खेपेत काही पिल्ले ३२ ग्रॅमची आणि काही ४२ ग्रॅमची असतील, तर लहान वयाच्या आणि मोठ्या वयाच्या कोंबड्यांची अंडी एकत्र उबवली गेली आहेत, असा तर्क करता येतो. नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबड्यांची पिल्ले लहान असतात, त्यांच्याजवळ बलक कमी असतो आणि ती लवकर गारठतात. मोठ्या पिल्लांत मिसळल्यावर ती भांड्यापाशी पोहोचतही नाहीत. हा हॅचरीने टाळण्याजोगा दोष आहे. मात्र अशी पिल्ले आपल्याकडे आलीच, तर लहान पिल्ले वेगळी करून त्यांना एक-दोन अंश अधिक ऊब द्यावी, त्यातली बरीच वाचतात.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. त्याच खेपेची पिल्ले घेतलेल्या दुसऱ्या दोन-तीन जणांकडे मरतुक नसेल, तर हॅचरीला दोष देण्यापूर्वी आपली शेड तपासावी. हा एक फोन सर्वांत स्वस्त निदान करून देतो आणि तोच सर्वांत कमी वेळा केला जातो.

प्रश्न : पिल्ले सकाळी ढीग करून मेलेली आढळतात. रोग कोणता?

हा रोग नसतो. रात्री वीज गेली, बल्ब उडाला किंवा वाऱ्याचा झोत लागला की पिल्ले एकमेकांवर चढून ऊब शोधतात आणि खालची गुदमरतात. पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या साधनाखाली, पिल्लांच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला ती सुमारे ५ अंश फॅरनहाइटने उतरवतात. तापमापक भिंतीवर टांगून उपयोग नाही. तो पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर असावा. पिल्ले उतरण्याआधी किमान २४ तास ब्रूडर चालू ठेवावा, कारण हवा तासाभरात तापते, पण जमिनीवर अंथरलेले तूस आणि खालची फरशी तापत नाही. गार फरशीवर उभे राहिलेले पिल्लू पायांतून ऊब गमावते आणि भांड्यापर्यंत चालत जात नाही.

अलीकडे एक नवीनच कारण दिसू लागले आहे. पूर्वी पिल्लामागे दोन वॅट या हिशोबाने तारेचे पिवळे बल्ब लावत असत. आता बाजारात एलईडी बल्बच सहज मिळतात आणि उजेड तेवढाच दिसतो म्हणून तेच लावले जातात. एलईडीमुळे पिल्लांना म्हणावी तशी ऊब मिळत नाही. एलईडी लावायचा असेल तर तो उजेडापुरता लावावा आणि उबेसाठी इन्फ्रारेड दिवा किंवा गॅस ब्रूडर वेगळा ठेवावा.

राऊजवळच्या एका शेडमध्ये रोज सकाळी मेलेली पिल्ले एकाच कोपऱ्यात सापडत होती आणि मालकाने तीन प्रकारची औषधे पाण्यातून देऊन पाहिली होती. त्या कोपऱ्यात जमिनीलगत उदबत्ती धरली, तेव्हा धूर आडवा वाहू लागला. दाराच्या पत्र्याखाली दोन बोटांची फट होती आणि रात्री उत्तरेचा वारा नेमका तेथून आत येत होता. गोणपाट दाबून बसवल्यावर त्या कोपऱ्यातली मरतुक थांबली. पिल्ले कोठे मरतात हे लिहून ठेवण्याचा आग्रह आम्ही धरतो, तो यासाठी.

प्रश्न : थंडीत शेड प्लास्टिकने बंद करून कोळशाची सिगडी ठेवतो. ते योग्य आहे का?

बंद शेडमध्ये सिगडी ठेवणे धोक्याचे आहे, पिल्लांसाठी आणि तेथे झोपणाऱ्या माणसासाठीही. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. रात्रीतून बरीच पिल्ले शांतपणे मेलेली आढळली, ढीग झालेला नाही, पोट साफ आहे आणि उघडल्यावर रक्त नेहमीपेक्षा लालभडक दिसते आहे, तर या वायूचा संशय घ्यावा. कोळसा वापरायचाच असेल तर धुराडे छपराबाहेर काढलेली बुखारी वापरावी आणि पडद्यांच्या वरच्या बाजूला वीतभर जागा रात्रीही उघडी ठेवावी. हवा खेळती राहिली तर थंडी वाढेल, ही भीती खरी आहे. त्यावर उपाय ब्रूडर वाढवणे हा आहे, हवा कोंडणे नव्हे.

प्रश्न : पहिले पाणी कसे द्यावे? गुळाचे पाणी चालते का?

चालते. लिटरभर पाण्यात ५० ते ८० ग्रॅम गूळ विरघळवून पहिले काही तास दिल्यास लांबच्या प्रवासातून आलेल्या पिल्लांना तरतरी येते. मात्र ते दिवसभर चालू ठेवल्यास विष्ठा पातळ होते, तूस ओले होते आणि पिल्लांची बुडे चिकटतात. त्यानंतर स्वच्छ, साधे पाणी द्यावे. बुड चिकटलेले पिल्लू दिसल्यास कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने वाळलेली विष्ठा मऊ करून काढावी. ती ओढून काढल्यास कातडी फाटते.

पाण्याच्या तापमानाकडे कोणी लक्ष देत नाही, ही खेदाची बाब आहे. छपरावरच्या काळ्या टाकीतले पाणी उन्हाळ्यात दुपारी हात लावता येणार नाही इतके तापते आणि पिल्ले ते पीत नाहीत. तेच पाणी जानेवारीच्या सकाळी इतके गार असते की ते प्यालेले पिल्लू आतून गारठते. दोन्ही ऋतूंत पाणी आधी भांड्यांत भरून ब्रूडरजवळ काही तास ठेवावे. पन्नास पिल्लांमागे एक भांडे असावे आणि अगदी सुरुवातीला काही पिल्लांच्या चोची पाण्यात बुडवून द्याव्यात, बाकीची त्यांचे पाहून शिकतात. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर ते तपासून घ्यावे आणि क्लोरीन वापरावे. पाण्यातून लस देण्याच्या दिवशी मात्र क्लोरीन घालू नये.

प्रश्न : मरतुक दिसताच पाण्यातून अँटिबायोटिक सुरू करावे का?

निदानाआधी करू नये. ही सवय आपल्या भागात इतकी रुजली आहे की पिल्ले उतरवण्याआधीच औषधाची पुडी पाण्यात पडलेली असते. गारठलेल्या, तहानलेल्या किंवा गुदमरलेल्या पिल्लावर अँटिबायोटिकचा काहीही उपयोग होत नाही. उलट कडू चवीमुळे पिल्ले पाणी कमी पितात आणि ज्या पिल्लाला पाण्याचीच सर्वाधिक गरज होती, ते आणखी कोरडे पडते. जेंटामायसिनसारखी काही औषधे मूत्रपिंडावर ताण आणतात आणि अंगातील पाणी कमी झालेल्या पिल्लात हा ताण अधिक घातक ठरतो.

पिल्ले तहानलेली राहिली, खाण्याचा सोडा जास्त पडला किंवा अंड्यावरच्या कोंबड्यांचे भरपूर कॅल्शियमचे खाद्य चुकून पिल्लांना दिले गेले, की मूत्रपिंडे निकामी होतात आणि हृदय व यकृतावर चुन्यासारखा पांढरा थर बसतो. याला गाऊट म्हणतात. काही विषाणूंमुळेही गाऊट होतो, त्यामुळे केवळ थर पाहून कारण ठरवता येत नाही. मात्र त्या स्थितीत आणखी औषध ओतणे म्हणजे नुकसान वाढवणे होय, एवढे निश्चित.

कोलिस्टिन हे औषध अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत वापरण्यास भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली. माणसाच्या गंभीर संसर्गात शेवटचा उपाय म्हणून ते लागते आणि जनावरांत त्याचा सर्रास वापर झाल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात. जुना साठा किंवा दुसऱ्या नावाची पुडी कोणी देऊ केली, तरी ती घेऊ नये. बलकाचा दाह सिद्ध झाला आणि पशुवैद्यकाने औषध, मात्रा व दिवस लिहून दिले, तर ते जरूर द्यावे आणि पूर्ण द्यावे.

प्रश्न : मेलेले पिल्लू घरी उघडून पाहावे का?

आजूबाजूला कावळे किंवा इतर पक्षी मरत नसतील आणि मरतुक अचानक शेकड्याने नसेल, तर हातमोजे व मास्क लावून पाहण्यास हरकत नाही. पिल्लू पाठीवर ठेवून पोटाची कातडी कात्रीने अलगद कापावी. प्रथम बलकाची पिशवी दिसते. पहिल्या दिवशी ती चांगलीच मोठी असते आणि पाचव्या दिवसापर्यंत तिचा वाटाण्याएवढा अवशेष उरावा. चौथ्या-पाचव्या दिवशीही ती मोठी, हिरवट-तपकिरी आणि दुर्गंधीयुक्त असेल, तर दाह आहे. ती मोठी पण स्वच्छ पिवळी असेल, तर पिल्लू गारठलेले राहिले किंवा त्याने खाल्लेच नाही. पेषणी, म्हणजे खाद्य दळणारी जाड पिशवी, उघडून पाहावी. तिच्यात फक्त तूस आणि कागदाचे तुकडे सापडले, तर पिल्लाला खाद्याची जागा सापडली नव्हती. पित्ताशय टम्म फुगलेले असणे ही उपाशीपणाची आणखी एक खूण आहे. फुफ्फुसांवर पिवळट-पांढरे दाणे असतील आणि जिवंत पिल्ले आवाज न करता तोंड उघडून श्वास घेत असतील, तर बुरशीचा संशय घ्यावा आणि तूस मुठीत घेऊन हुंगावे. पावसात भिजून नंतर वाळवलेले तूस हे बुरशीचे नेहमीचे मूळ असते.

यातून नेमके निदान होत नाही, दिशा मिळते. पक्के निदान हवे असल्यास ताजी मेलेली पाच-सहा आणि आजारी पण जिवंत दोन-तीन पिल्ले न्यावीत. मेलेली पिल्ले प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवावीत. ती फ्रीझरमध्ये गोठवू नयेत, कारण गोठल्यावर पेशी फाटतात आणि तपासणी निरुपयोगी होते. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय इंदूरहून जवळच आहे, ही आपल्या भागाची मोठी सोय आहे. गावात पशुवैद्यक उपलब्ध नसेल तर १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवा मागता येते.

प्रश्न : कडकनाथची पिल्ले अधिक नाजूक असतात का?

पक्षी काटक आहे, पिल्लू लहान आहे. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून इंदूरमधील अनेक कुटुंबांनी ही पिल्ले मागवली आणि ती साध्या ब्रॉयलर पिल्लांच्या हिशोबाने ठेवली. कडकनाथचे पिल्लू साधारण ३० ग्रॅमच्या आसपास भरते, त्यामुळे ते लवकर गारठते आणि लवकर कोरडे पडते. त्याला पहिले दोन आठवडे उबेत अजिबात खंड चालत नाही.

दुसरी अडचण तपासणीची आहे. या जातीत कातडीबरोबर आतील अवयवही काळसर असतात, म्हणून लाली, सूज किंवा रक्ताचा बदललेला रंग डोळ्यांनी ओळखता येत नाही. कडकनाथ उघडून पाहून घरी निष्कर्ष काढू नये, थेट प्रयोगशाळेत न्यावे.

प्रश्न : पहिला आठवडा नीट गेला आणि त्यानंतर मरतुक सुरू झाली तर?

मग बहुधा प्रवासाचा संबंध उरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बुडाला पांढरी विष्ठा चिकटून पिल्ले मरत असतील तर पांढऱ्या हगवणीचा, म्हणजे आईकडून अंड्यातून येणाऱ्या साल्मोनेलाचा, विचार करावा. रक्ती हगवण सहसा दहा दिवसांच्या आत दिसत नाही आणि गंबोरो हा विषाणूजन्य रोग तिसऱ्या आठवड्यानंतर येतो. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, पहिली लस ५व्या ते ७व्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात. प्रवासाच्या ताणातून न सावरलेल्या पिल्लांना लस द्यावी की दोन दिवस थांबावे, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवावे.

प्रश्न : हा बर्ड फ्लू तर नसेल?

हॅचरीतून नुकत्याच आलेल्या पिल्लांत ही शक्यता फार कमी असते, पण प्रश्न चुकीचा नाही. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदूरच्या डेली कॉलेजच्या परिसरात कावळे मरून पडू लागले आणि तपासणीत एच५एन८ विषाणू आढळला. त्याआधी २००६ साली देशातील पहिला मोठा प्रादुर्भाव महाराष्ट्रातील नवापूरच्या कोंबड्यांत झाला होता. म्हणून शेडभोवती कावळे, बगळे किंवा पाणपक्षी मेलेले दिसले, अथवा मोठे पक्षी तुरा निळा पडून एका दिवसात मोठ्या संख्येने मेले, तर काहीही उघडून पाहू नये, पक्षी विकू किंवा हलवू नयेत आणि पशुसंवर्धन विभागाला लगेच कळवावे. पशूंतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यानुसार असे कळवणे मालकाचे कर्तव्य आहे. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत तपासले जातात.

प्रश्न : हॅचरीकडे भरपाई मागता येते का?

मागता येते. मात्र पुरावा पहिल्या दिवसाचाच उपयोगी पडतो. पेट्या उतरवताना मेलेली पिल्ले मोजून चालकाची सही घ्यावी, चलनावरची हॅचरीतून निघण्याची वेळ आणि पोहोचण्याची वेळ पाहावी, काही पेट्यांचे वजन करावे आणि बेंब्यांची छायाचित्रे काढावीत. शंभरामागे दोन पिल्ले जास्त देण्याची पद्धत अनेक हॅचऱ्यांत आहे. ती मरतुकीची भरपाई समजून गप्प बसू नये. सहाव्या दिवशी केवळ संख्या सांगून मागितलेली भरपाई सहसा मिळत नाही, आणि हॅचरीची बाजू विचारात घेतली तर तसे होणे अन्यायाचेही नाही.

प्रश्न : मेलेल्या पिल्लांची विल्हेवाट कशी लावावी आणि पुढची खेप कधी घ्यावी?

पिल्ले उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नयेत, कुत्री आणि कावळे ती शेजारच्या शेडपर्यंत पोहोचवतात. विहीर व बोअरवेलपासून दूर खोल खड्डा घेऊन, वर चुना टाकून ती पुरावीत. जुने तूस पूर्ण काढून शेड धुवावी, निर्जंतुक करावी आणि पूर्ण वाळू द्यावी. त्यानंतर किमान दोन आठवडे ती रिकामी ठेवावी. नवीन मागणी नोंदवताना हॅचरीला अंडी कोणत्या वयाच्या कोंबड्यांची आहेत, पिल्ले मशीनमधून किती वाजता काढली जातील आणि गाडी किती वाजता सुटेल, हे विचारून शेडच्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे. त्याच पानावर पुढे रोजची मरतुक वेळ आणि जागेसह नोंदवत जावी.